एझेलाच्या बाजूचं गवत

अटलांटा
२४ जून २०१९

प्रिय टेम्पी आत्या,

सुखरूप पोचले. फोनच करणार होते, पण तू फोनवर "बरी आहेस ना? मग ठेव आता," एवढंच बोलतेस आणि माझ्याकडे सांगायला पुष्कळ आहे. म्हणून पत्र. तूही पत्रानेच उत्तर दे.

आम्ही अठ्ठावीस शिक्षक आहोत. सहा आठवड्यांचं प्रशिक्षण. आपल्या काळ्या कलाकारांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेल्या आठवणी वर्गात कशा ऐकवायच्या, त्यावरून मुलांना शिकवायचं कसं, हे इथे शिकवतात. कॉलेजच्या तळघरात जुन्या टेपांची कपाटंच्या कपाटं भरली आहेत. कुंभार, लोहार, लाकडावर कोरणारे, भिंती रंगवणाऱ्या बाया, सगळे त्यात बोलतात. आमच्या डॉक्टर बोल्डन बाई आपल्या चर्चच्या गायनमास्तरणीइतक्याच कडक. पहिल्याच दिवशी टेपांवरचं बोलणं छापलेले कागद हातातून काढून घेतले. म्हणाल्या, "आधी नुसतं ऐका. माणूस बोलताना कुठे थांबला, ते कागदावर उमटत नाही."

आणि काल यादी चाळताना मला काय सापडावं? "टेम्पी गेदर्स, टोपल्या विणणाऱ्या, माऊंट प्लेझंट, ऑक्टोबर १९७८." तू! अडतीस वर्षांची! मी कानाला यंत्र लावून बसले आणि तुझं ते खवचट हसणं ऐकून मला रडूच आलं. तुझी मुलाखत झालीय हे तू कधी बोलली नाहीस गं.

माझा धडा मी तुझ्याच टेपवर करणार, ठरलं. चौथीच्या मुलांसाठी. टोपल्यांचं गवत कुठून आणायचात ते तू सांगतेस, त्यावरून मुलं नकाशा काढतील आणि आज तिथे काय उभं आहे ते शोधतील. सहा ऑगस्टला हा धडा सगळ्यांसमोर घेऊन दाखवायचाय. पसंत पडला तर तो राज्यभरच्या शाळांत जाईल. तुझा आवाज वर्गावर्गांत!

सोबत परवानगीचा फॉर्म आहे. सही करून लगेच पाठव.

तुझी
लॅट्रीस


माऊंट प्लेझंट
२९ जून

लॅट्रीस बाळा,

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीचे पायच आहे, आणि म्हणे मास्तरीण.

पहिली गोष्ट, त्या यादीवाल्यांना सांग की टोपली विणत नाहीत, शिवतात. माझ्या आईने शिवली, तिच्या आईने शिवली. एवढी शिकलेली माणसं, आणि चाळीस वर्षं तीच चूक सांभाळून ठेवलीय.

दुसरी गोष्ट, माझी टेप राहू दे. तिच्यात काही नाही. विटकोम नावाचा एक माणूस मशीन घेऊन आला होता. मी चार गोष्टी ठोकून दिल्या, त्याने रताळ्याच्या गोड पाईचे दोन तुकडे खाल्ले आणि गेला. तू एखादा लोहार घे. मुलांना लोखंड, आग असलं आवडतं. गवतात काय बघणार ती?

आणि नकाशा तर मुळीच नको.

इकडे उकाडा फार. भेंडी चांगली आलीय. चर्चचा डीकन अल्फॉन्सो सकाळी येऊन गवताच्या पेंढ्या घेऊन गेला. माझा गुडघा जसा होता तसाच आहे.

फॉर्म परत पाठवतेय. कोरा.

टेम्पी आत्या


अटलांटा
४ जुलै

प्रिय आत्या,

तुझा लाजाळूपणा मला नवा नाही. गेल्या वर्षी वस्तुसंग्रहालयातली माणसं तुझी टोपली बघायला आली तेव्हा तू कोळंबी सोलायचं निमित्त करून मागच्या दाराने पसार झाली होतीस. पण मी तुला सोडणार नाही.

"शिवतात" हे बोल्डन बाईंना सांगितलं. त्यांनी वर्गासमोर यादीत दुरुस्ती केली आणि तुझं नाव घेऊन आभार मानले. बघ, घरी बसून तू अठ्ठावीस शिक्षकांना शिकवलंस.

आता एक विचारायचंय. टेपवर विटकोम विचारतो, "गवत मिळतं कुठे?" आणि तू म्हणतेस, "सगळं त्या एझेलाच्या मागच्या खाडीत. आमच्या बाजूला काही उगवत नाही." मी नकाशात तसंच काढलं. मग काल जेवताना आठवलं. मी सात-आठ वर्षांची असताना तू मला मोठ्या माणसांचे बूट घालून गवत उपटायला न्यायचीस. "कापायचं नाही, उपटायचं, म्हणजे पुन्हा येतं," असं दहादा बजावायचीस. आणि सापांसाठी काठी आपटत आपण जायचो ते तुझ्याच परसामागे. एझेलाबाईंकडे तर आपण कधी पाऊलच टाकलं नाही. त्या रस्त्यापलीकडे राहतात, आणि चर्चमध्ये त्या डावीकडे बसल्या की तू उजवीकडे बसतेस.

आमच्या लहानपणी आम्ही पोरं म्हणायचो की तुम्हा दोघींचं एखाद्या पुरुषावरून वाजलं असणार. खरं काय आहे?

लॅट्रीस


माऊंट प्लेझंट
११ जुलै

लॅट्रीस,

तुझं पत्र चार दिवस बायबलखाली ठेवलं होतं. तिथून काही ते नाहीसं झालं नाही.

पुरुष वगैरे काही नाही. एझेलाला माझा नवरा कधी आवडला नाही, आणि मला तिचा. त्याबाबतीत आमचं छान जमत होतं.

आम्ही दोघी हायवेच्या कडेला एकाच टपरीवर बसायचो. बूड ती बांधायची. टोपलीची सुरुवातीची गाठ एझेलासारखी कुणाची नाही, ताटासारखी सपाट बसते. मग मी चमच्याच्या दांड्याने भोकं पाडत भिंती वर चढवायची. अर्धी तिची, अर्धी माझी. गिऱ्हाईक विचारायचं, "ही कुणी केली?" आम्ही एकमेकींकडे बोट दाखवायचो.

विटकोम आला त्या दिवशी त्याच्या गाडीत दुसरा एक माणूस बसला होता. मांडीवर गुंडाळलेले नकाशे. त्याला मी आठवडाभर आधी रिसॉर्टसाठी खाडीकाठी फीत धरून जमीन मोजताना पाहिलं होतं. विटकोमला त्याचा हेतू ठाऊक होता की नाही, मला माहीत नाही. त्या माणसाला फक्त गावापर्यंत गाडी हवी होती, असं विटकोम म्हणाला. पण मशीन चालू झालं, त्याने गवताची जागा विचारली, आणि तो दुसरा माणूस गाडीची काच खाली करून ऐकायला लागला. आमच्या जमिनीला कागद नव्हता. आजोबांपासून चालत आलेली, सगळ्यांची आणि कुणाचीच नाही अशी. एझेलाच्या बापाच्या नावावर कागद होता. मला वाटलं, तिला कोण हात लावणार? म्हणून तिचं नाव सांगून टाकलं.

कागद तिच्या घरापुरताच निघाला. खाडीकाठ त्यात नव्हता. तीन वर्षांनी तिथे रिसॉर्टवाल्यांचं लोखंडी गेट आलं आणि पहारेकरी बसला. माझ्या टेपमुळे आलं की तसंही आलं असतं, देव जाणे. मी विचारायला गेले नाही. टेप झाली त्याच दिवसापासून मी टपरीवर जायचं बंद केलं. तिच्या तोंडाकडे बघवेना.

मी मैत्रिणीला विकलं, बाळा. ते पोरांना शिकवायचं असेल तर शिकव. पण माझ्या आवाजात नको.

टेम्पी


अटलांटा
१५ जुलै

प्रिय आत्या,

खोटं कशाला बोलू, तुझं पत्र वाचून मला तुझा राग आला. चर्चमध्ये एझेलाबाईंच्या हातून मी पेपरमिंटच्या गोळ्या खाल्ल्यात गं. मग राग उतरला आणि तुझी कीव आली. तुला कीव आवडत नाही, तरी आली.

नकाशा मी फाडून टाकला.

पण आणखी एक गोष्ट आहे. विचार करून सांगतेय. विटकोमने दुसऱ्याच दिवशी एझेलाबाईंचीही मुलाखत घेतली होती. यादीत तुझ्यानंतर त्यांचाच नंबर आहे. मी टेप मागायला गेले तर तिथल्या माणसाने बंद पाकीट दाखवलं. इथे बोलणाऱ्याला फॉर्मवर अट लिहिता येते. बहुतेकांनी ती जागा मोकळी सोडलीय. एझेलाबाईंनी शाईने लिहिलंय, "टेम्पी स्वतः मागेपर्यंत ही टेप कुणाला ऐकवू नये."

एक्केचाळीस वर्षांत ती कुणी ऐकलेली नाही. मी बोल्डन बाईंपाशी हट्ट केला, घरचाच मामला आहे म्हणाले. त्या म्हणाल्या, "जिने अट घातली तिचा शब्द माझ्या आधीच्या दोघांनी पाळला. मीही पाळणार."

ती टेप तुझी वाट बघतेय, आत्या.

लॅट्रीस


माऊंट प्लेझंट
१९ जुलै

लॅट्रीस,

बघू दे वाट. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे तो विटकोम माझ्या दारातून निघून सरळ तिच्याकडे गेला. मी काय बोलले ते त्याने तिला सांगितलं असणार. त्या पाकिटात माझ्या नावाने काय काय असेल ते मी न ऐकताच सांगू शकते. एझेलाची जीभ तुला माहीत नाही. मी ऐकावं म्हणूनच तिने ते बंद करून ठेवलंय.

मी एकोणऐंशी वर्षांची आहे. जे ऐकायचं ते आता वर गेल्यावरच ऐकीन.

लोहार घे म्हणून मी पहिल्याच पत्रात सांगितलं होतं.

टेम्पी


अटलांटा
२२ जुलै

प्रिय आत्या,

लोहारच घेतला. चार्ल्सटनचा आहे, छान बोलतो, मुलांना आवडेल. तुझी टेप कपाटात परत ठेवली. आता या विषयावर मी काही म्हणणार नाही.

फक्त एक. परत ठेवण्याआधी ती शेवटची ऐकली. "आमच्या बाजूला काही उगवत नाही" असं तू म्हणतेस, आणि मग काहीच नाही. मशीन चालू असल्याचा आवाज येतो. खुर्ची कुरकुरते. विटकोमही गप्प आहे. घड्याळ लावून मोजलं, अकरा सेकंद. मग तू म्हणतेस, "अजून पाई घ्या ना."

छापील कागदावर ही दोन वाक्यं एकाखाली एक आहेत. मध्ये काही नाही.

त्या अकरा सेकंदांत तू काय बघत होतीस?

लॅट्रीस


माऊंट प्लेझंट
२६ जुलै

लॅट्रीस बाळा,

खिडकीतून एझेलाचं अंगण दिसायचं. ती दोरीवर चादरी वाळत घालत होती. तिने मला पाहिलं आणि हात हलवला. मी पण हलवला.

तू फार वाईट मास्तरीण आहेस. मुलांना असंच छळतेस का?

सोबत तुझ्या बोल्डन बाईंना चिठ्ठी आहे, ती त्यांना दे. त्यात लिहिलंय, "मी, टेम्पी गेदर्स, एझेलाची टेप स्वतः मागते आहे." शेजारणीला साक्षीदार म्हणून सही करायला लावली. तिने विचारलं कशाबद्दल, मी म्हटलं तुझ्या कामाचं नाही.

पण मी ती एकटी ऐकणार नाही. ते मला जमायचं नाही.

टेम्पी


अटलांटा
२९ जुलै

प्रिय आत्या,

बोल्डन बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि चष्मा पुसला. टेप उतरवून या छोट्या यंत्रात घातली आहे. हिरवं बटण दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद. तुझी टेप पहिली आहे, त्यांची दुसरी. दुसरी मी ऐकलेली नाही. उतरवणाऱ्या माणसानेही आवाज बंद ठेवून उतरवली, मी शेजारी उभी होते.

कुणाबरोबर ऐकणार, ते विचारत नाही.

लॅट्रीस


माऊंट प्लेझंट
१ ऑगस्ट

लॅट्रीस बाळा,

हे जलद टपालाने टाकतेय, म्हणजे सहा तारखेच्या आत तुला मिळेल.

मंगळवारी यंत्र आलं. बुधवारी सकाळी चर्चचे कपडे घातले आणि रस्ता ओलांडला. एझेला ओसरीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. ब्याऐंशीची झालीय, डोळे पार दुधाळ झालेत. पायरी वाजली तशी म्हणाली, "कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"टेम्पी."

तिने दोन शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "रस्ता चाळीस पावलांचा. वाटेत जेवायला थांबली होतीस का?"

मी बसले नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गाडीतला माणूस, कागद, तिचं नाव. तिने शेंगा सोलायचं थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं? मला ते अठ्ठ्याहत्तर सालापासून माहीत आहे. बस आता, डोक्यावर उभी राहू नकोस."

मग मी हिरवं बटण दाबलं. आधी मी बोलले, ती ऐकत होती. अकरा सेकंद आले तेव्हा आम्ही दोघी गप्प होतो, आणि खरं सांगते, अकरा सेकंद फार असतात. मग तिचा आवाज आला. किती तरणा आवाज गं! विटकोम विचारतो, "टेम्पीबाई म्हणतात की गवत सगळं तुमच्या मागे आहे?" ती थांबते. मग हसते. म्हणते, "टेम्पी म्हणाली का असं? मग बरोबरच आहे. सगळं माझ्याच मागे. तिच्याकडे काय, नुसती वाळू नि खेकडे. तिकडे जाऊन बूट खराब करू नका."

मी लाल बटण दाबलं. मला पुढचं ऐकवेना.

"का गं?" मी म्हटलं.

"का म्हणजे? दोघींची जाण्यापेक्षा एकीची गेलेली बरी. माझी जागा त्याला कळलीच होती. तुझी राहिली तर दोघींना पुरली असती. मला वाटलं, तू दुसऱ्या दिवशी येशील, मी तुला चार शिव्या देईन, आपण हसू आणि तुझ्या मागे गवताला जाऊ. मी गवताला जायचे बूट काढून दारात ठेवले होते, टेम्पी."

"आणि तू चर्चमध्ये बाक बदललास. वर दर उन्हाळ्यात अल्फॉन्सोच्या हाती गवत पाठवतेस! तो म्हणतो, जॉर्जियाहून आलंय. पेंढीला गाठ तुझी. जॉर्जियात तुझी गाठ कोण मारतं? मला गवत नको होतं, बाई. मला तू हवी होतीस."

बाळा, मी त्या ओसरीवर लहान पोरीसारखी रडले. ती सोलत राहिली. मग वालाची अर्धी पाटी माझ्याकडे सरकवून म्हणाली, "रडता रडता हात चालू ठेव." आम्ही दुपारपर्यंत सोलले. लाल भात आणि वाल तिच्याकडेच जेवले. मीठ तिचं अजून जास्तच असतं.

तुला एक कधी सांगितलं नव्हतं. टपरी सोडली तेव्हा तिने बांधलेलं एक बूड माझ्याकडे राहिलं होतं. त्याच्यावर मी एक फेरही चढवला नाही आणि ते टाकलंही नाही. ते मी शालीखाली लपवून नेलं होतं, चोरासारखं. निघताना तिच्या मांडीवर ठेवलं. तिने बोटं फिरवली, मधली गाठ सापडली आणि ओळखलं. खूप वेळ त्यावरच बोट ठेवून बसली. मग ते मला परत दिलं.

म्हणाली, "माझं अर्धं मी तेव्हाच केलंय. उरलेलं तुझं."

आज सकाळी आम्ही गवताला गेलो. ती माझ्या खांद्याला धरून चालली. वाकता येत नाही तिला, म्हणून मी उपटून हातात द्यायची आणि ती वास घेऊन सांगायची, हे ठेव, हे टाक.

आता तुझं काम. फॉर्म सोबत आहे, या वेळी सही केलेला. तिचीही आहे, जरा वाकडी आलीय. अटीच्या जागी दोघींनी मिळून लिहिलंय, नीट पाळ. माझी टेप एकटी कधीही वाजवायची नाही. आधी माझी, मधले अकरा सेकंद कापायचे नाहीत, मग तिची. मी खोटं बोलले हे मुलांना खुशाल सांग, आणि ती माझ्यासाठी खोटं बोलली हेही सांग. मुलांना समजतं ते. लोहार पुढच्या वर्षी घे.

नकाशाही काढू दे त्यांना. एझेलाच्या मागे गेट काढायचं आणि गेटमागे गवत. पण माझ्या घरामागे काय आहे ते कुणी विचारलं, तर तुझ्या बोल्डन बाईंनी विचारलं तरी, तिथे नुसती वाळू नि खेकडे.

एझेला म्हणते, खेकडे मोठे काढायला सांग.

तुझी
टेम्पी आत्या